इंग्रजीत कॅपिटल कुठे, स्मॉल कुठे: बोर्ड, अर्ज आणि मेन्यू कार्ड छापण्याआधी

दिवाळीच्या सुट्टीआधीचे पंधरा दिवस माझ्या झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात एकाच प्रकारचं काम येतं. होम स्टेचे बोर्ड, खानावळीचे मेन्यू, कोकम आगळाच्या बाटल्यांची लेबलं. मजकूर बहुतेक वेळा वहीच्या फाडलेल्या पानावर असतो. परवा आलेलं एक पान असं होतं: ‘वुई हॅव एसी रूम्स नियर बीच. होम फूड अव्हेलेबल. मालवणी फिश थाळी ऑन वेन्सडे, फ्रायडे अँड संडे.’ इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, आणि त्यात दहा कॅपिटल. मी मोजली. त्यातली सात नको तिथे: हॅव, रूम्स, बीच, फूड, अव्हेलेबल, फिश, थाळी. आणि हवी तिथली पाच गायब: मालवणीचा एम, तिन्ही वारांची पहिली अक्षरं आणि एसीतला सी.

ही चूक अडाणीपणाची नाही. देवनागरीत लहान-मोठं अक्षर हा प्रकारच नसल्याने आपण कॅपिटलला जाड ठसा समजतो. जे महत्त्वाचं वाटतं, ज्याला मान द्यावासा वाटतो, त्याला कॅपिटल. इंग्रजीत कॅपिटलचं काम दुसरंच आहे. ‘इथून वाक्य सुरू होतं’ किंवा ‘हे कुणाचं तरी नाव आहे’, एवढंच ते सांगतं. खालच्या बहुतेक पायऱ्या या दोन गोष्टींतूनच निघतात.

लेखात अक्षर दाखवायचं तेव्हा दुकानात बोलतो तसंच लिहिलं आहे: ‘मँगोचा एम स्मॉल’, ‘संडेचा एस कॅपिटल’.

तयारी: टायपिंगला बसण्याआधी

आधी ठरवा, काय लिहिताय. सरकारी किंवा बँकेचा फॉर्म, अर्ज किंवा पत्र, सलग वाक्यांचा मजकूर, की बोर्ड-मेन्यू-लेबल? चारही ठिकाणी नियम थोडे वेगळे लागतात. फॉर्म भरायची सवय अर्जात घुसली की अख्खा अर्ज कॅपिटलमध्ये येतो.

मग नावांची यादी करा. माणसांची, गावांची, दुकानाची. स्वतःचं नाव आधार कार्डावर जसं आहे, अगदी तसं उतरवा.

तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते कुणीच करत नाही. सगळा मजकूर आधी स्मॉलमध्ये लिहून काढा. एकही कॅपिटल नको. मोबाइलवर लिहीत असाल तर कीबोर्डच्या सेटिंगमधलं ऑटो-कॅपिटलायझेशन तेवढ्यापुरतं बंद करा. कोऱ्या मजकुरावर कॅपिटल चढवत जाणं सोपं असतं. आधीच पसरलेली कॅपिटल वेचून काढताना चार राहूनच जातात.

कागदावर तपासत असाल तर प्रूफ वाचणाऱ्यांच्या दोन खुणा शिकून घ्या. अक्षराखाली तीन आडव्या रेघा म्हणजे ‘कॅपिटल करा’. कॅपिटल अक्षरातून एक तिरकी रेघ म्हणजे ‘स्मॉल करा’. या खुणा कुठल्याही छापखान्यात चालतात.

पायरी १: वाक्याचं तोंड आणि ‘आय’

प्रत्येक वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल. पूर्णविराम, प्रश्नचिन्ह किंवा उद्गारचिन्हानंतर नवं वाक्य, नवं कॅपिटल. स्वल्पविरामानंतर नाही. अवतरणात कुणाचं पूर्ण वाक्य दिलं असेल तर त्याचंही पहिलं अक्षर कॅपिटल.

‘मी’ या अर्थाचा ‘आय’ वाक्यात कुठेही येवो, कॅपिटलच. ‘माय’ मात्र वाक्याच्या मध्ये स्मॉल. ‘वुई’सुद्धा.

थांबा: संक्षेपानंतरचा टिंब म्हणजे पूर्णविराम नव्हे. ‘अंदाजे’साठी ‘अप्रॉक्स’ लिहून टिंब दिला की मोबाइलच्या कीबोर्डला वाक्य संपलं असं वाटू शकतं, आणि पुढच्या ‘फाइव्ह किलोमीटर’चा एफ गुपचूप कॅपिटल होऊ शकतो. असं प्रत्येक टिंबानंतर बघा.

पायरी २: विशेषनाम की सामान्यनाम

निम्म्याहून जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे वेळ घाला. नियम शाळेतल्या मराठी व्याकरणाचाच आहे. विशेषनामाला कॅपिटल, सामान्यनामाला स्मॉल. प्रत्येक नामाला विचारा: हे त्या एकाचंच नाव आहे, की तसल्या सगळ्यांना लागू पडणारा शब्द?

समुद्र पुष्कळ, म्हणून ‘सी’ स्मॉल. अरबी समुद्र एकच, म्हणून ‘अरेबियन सी’ची दोन्ही पहिली अक्षरं कॅपिटल. ‘सिंधुदुर्ग फोर्ट’मध्ये एस आणि एफ कॅपिटल. पुढच्याच वाक्यात ‘द फोर्ट इज ओपन’ लिहिलंत तर एफ स्मॉल, कारण आता तो नुसता ‘किल्ला’ आहे. ‘तारकर्ली बीच’चा बी कॅपिटल, ‘नियर द बीच’चा स्मॉल. ‘कोकण रेल्वे’ आणि ‘मांडवी एक्सप्रेस’ ही नावं, म्हणून चारही शब्दांना कॅपिटल. ‘वुई टुक द ट्रेन’मधल्या ट्रेनला नाही.

आपल्याकडे यासाठी एक नामी उदाहरण आहे. सावंतवाडीहून घाट चढलं की लागतं ते आंबोली. सकाळी तव्यावर जाळी पडते ती आंबोळी. मराठीत ल आणि ळ मुळे गोंधळ होत नाही, पण इंग्रजीत दोन्हींचं स्पेलिंग बहुतेक जण एकच करतात. तिथे फरक सांगायला फक्त पहिलं अक्षर उरतं. गावाचा ए कॅपिटल, खायच्या आंबोळीचा स्मॉल. मेन्यूवर ‘आंबोली विथ चटणी’ लिहून ओळीच्या मध्येच ए कॅपिटल केलात तर तुम्ही घाट चटणीबरोबर वाढताय.

बोंबिलाचंही बघा. इंग्रजीत तो ‘बॉम्बे डक’. बॉम्बे शहराचं नाव, म्हणून बी कॅपिटल. डकचा डी स्मॉल. गावाच्या, देशाच्या नावावरून झालेली विशेषणंही कॅपिटल घेतात: मालवणी, इंडियन, चायनीज. त्यांच्यापुढचा पदार्थ मात्र स्मॉल. ‘मालवणी फिश करी’ वाक्यात आली तर एम तेवढा कॅपिटल. सोलकढी, मोदक, घावणे, कोकम सरबत सगळे स्मॉल. भाषांनाही हाच न्याय. मराठी, कोंकणी, इंग्लिश कॅपिटल. म्हणून बायोडेटात विषय लिहिताना इंग्लिशचा ई कॅपिटल आणि मॅथेमॅटिक्सचा एम स्मॉल असं वेडंवाकडं दिसतं. ते बरोबर आहे.

आणि हापूस. देवगडच्या बाजूचे एक बागायतदार काका पेटीवरचं लेबल करून घ्यायला आले होते. ‘अल्फान्सो मँगो’ असलेल्या वाक्यात मी मँगोचा एम स्मॉल केला, तर म्हणाले, “हापूस म्हणजे आमचो राजा. तेका बारीक अक्षर?” मी म्हटलं, “काका, राजाक मोठो ए दिलंय. ह्यो एम सगळ्या आंब्यांचो, रायवळाचो पण.” रायवळ म्हटल्यावर ऐकलं त्यांनी. अल्फान्सो हे नाव आहे, मँगो ही जात. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचं इंग्रजी आद्याक्षरी रूप ‘जीआय’ लिहिताना दोन्ही अक्षरं कॅपिटल, पण ‘जिऑग्राफिकल इंडिकेशन’ असं पूर्ण लिहून वाक्यात घेतलं तर स्मॉल चालतं.

शास्त्रीय नावांचा नियम याहून कडक आहे. पहिला शब्द कॅपिटलने, दुसरा नेहमी स्मॉलने, आणि दोन्ही तिरक्या अक्षरांत. आंबा म्हणजे ‘मँजिफेरा इंडिका’: एम कॅपिटल, आय स्मॉल. कोकम ‘गार्सिनिया इंडिका’, तिथेही तसंच. इंडिका इंडियावरून आलं म्हणून आय कॅपिटल करण्याचा मोह होतो. करू नका. नर्सरीच्या पाट्यांवर ही चूक सर्रास दिसते.

थांबा: मराठीत नाव जोडशब्द असलं तरी इंग्रजीत मध्ये कॅपिटल घुसवू नका. सिंधुदुर्गच्या मधला डी स्मॉल. गणपतीपुळेच्या मधला पी स्मॉल. कुणकेश्वर, वेळणेश्वर यांच्यात ‘ईश्वर’ आहे म्हणून मध्येच कॅपिटल येत नाही. अपवाद माणसांच्या आडनावांचा. वेंगुर्ला, मालवणकडची डिसोझा मंडळी डीनंतर वरचं स्वल्पविरामासारखं चिन्ह देऊन एस कॅपिटल करतात, काही जण करत नाहीत. ज्याचं नाव त्याला विचारा आणि तो सांगेल तसंच छापा.

पायरी ३: हुद्दे आणि नाती

नावाला चिकटून आलेला हुद्दा कॅपिटल, सुटा आला तर स्मॉल. ‘कलेक्टर’ लिहून पुढे त्यांचं नाव असेल तर सी कॅपिटल. ‘आय मेट द कलेक्टर’मध्ये स्मॉल. अर्जाच्या डोक्यावर ‘टू, द तहसीलदार, मालवण’ लिहिता तो पत्ता आहे, तिथे कॅपिटलच. सरकारी कचेऱ्यांच्या पत्रांत मजकुराच्या मध्येही सगळे हुद्दे कॅपिटलमध्ये असतात. तुमच्या अर्जात तहसीलदारांचा टी कॅपिटल राहिला म्हणून अर्ज परत येणार नाही. मीही त्यावर गिऱ्हाइकाशी वाद घालत नाही.

नात्यांचं तसंच. ‘माय मदर’मधला दुसरा एम स्मॉल. पण आईला हाक मारताना किंवा नावाच्या जागी ‘मदर’ वापरलं तर कॅपिटल. ‘बाळू काका’ हे नाव झालं, काकाचा के कॅपिटल. ‘माय काका’चा स्मॉल. मध्ये ‘माय’, ‘हिज’, ‘अवर’ असा शब्द आला की नातं स्मॉल, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं.

पायरी ४: अर्जाचं वर आणि खाली

‘डिअर सर’: डी आणि एस दोन्ही कॅपिटल. ‘डिअर सर ऑर मॅडम’मध्ये ऑर स्मॉल. शेवटचं ‘युवर्स फेथफुली’ लिहिताना फक्त वाय कॅपिटल, एफ स्मॉल. ‘युवर्स सिन्सिअरली’चा एसही स्मॉल. माझ्याकडे येणाऱ्या दहा अर्जांतल्या नऊ-दहांत हा एफ कॅपिटल असतो, कारण शाळेत फळ्यावर तसाच पाहिलेला असतो.

पायरी ५: वार, महिने, सण, दिशा

वार आणि महिने कॅपिटल. सण कॅपिटल: गणेश चतुर्थी, शिमगा, दिवाळी. ऋतू स्मॉल: समर, विंटर, मॉन्सून. ‘क्लोज्ड इन मॉन्सून’ला एम कॅपिटल करायची गरज नाही, पाऊस कितीही मोठा असला तरी.

मे महिन्याकडे नीट बघा. इंग्रजीत ‘मे’ महिनाही आहे आणि ‘कदाचित, चालेल’ या अर्थाचं क्रियापदही. महिन्याचा एम कॅपिटल, क्रियापदाचा स्मॉल. ‘गेस्ट्स मे बुक इन मे’ या वाक्यात पहिला स्मॉल, दुसरा कॅपिटल. स्पेलिंग तपासणाऱ्या सोयीवर इथे विसंबू नका. दोन्ही शब्द तिच्या लेखी बरोबरच असतात. मार्चचंही असंच, कारण तो कूच करणंही होतो.

दिशा दाखवताना स्मॉल: ‘वेस्ट ऑफ द हायवे’. दिशा नावाचा भाग झाली तर कॅपिटल: नॉर्थ गोवा हा जिल्हा, वेस्टर्न घाट्स ही डोंगररांग.

पायरी ६: आद्याक्षरं आणि मापं

एसी, एटीएम, पॅन, एनएच ६६ यांची सगळी अक्षरं कॅपिटल. पत्त्यातला पिनही सगळा कॅपिटल, कारण ती तीन शब्दांची आद्याक्षरं आहेत. अनेकवचनाचा एस मात्र स्मॉल: ‘एसीज’मध्ये ए-सी कॅपिटल, शेवटचा एस स्मॉल, मध्ये वरचं चिन्ह नाही.

मापांत आपण सगळेच ढिले. किलोग्रॅमच्या खुणेत के स्मॉल, जी स्मॉल, आणि एस लावायचा नाही. पाच असोत वा पन्नास, खूण तीच. किलोमीटरचीही दोन्ही अक्षरं स्मॉल. कॅपिटल के हे केल्विन या तापमानाच्या मापाचं चिन्ह आहे, म्हणून आंब्याच्या पेटीवर तो शोभत नाही. लिटरसाठी एल स्मॉल किंवा कॅपिटल, दोन्ही मान्य आहेत. मी कॅपिटल करतो, कारण स्मॉल एल आणि एकचा आकडा बाटलीवर सारखेच दिसतात. वीज लिहिताना तर जपूनच: स्मॉल एम म्हणजे मिली, कॅपिटल एम म्हणजे मेगा. मिलिवॉट आणि मेगावॉटमध्ये १०० कोटींच्या पटीचा फरक आहे.

तपासा: लेबलावर आकडा आणि माप यांच्यामध्ये एक जागा सोडली आहे का? सगळ्या बाटल्यांवर माप एकसारखं आहे का?

पायरी ७: बोर्ड, मेन्यू, मथळा

इथे तीन रीती चालतात. सगळी अक्षरं कॅपिटल, प्रत्येक मुख्य शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल, किंवा ओळीचं पहिलं अक्षर आणि नावं तेवढी कॅपिटल. तिन्ही बरोबर. चूक होते ती एकाच कागदावर तिन्ही मिसळल्याने.

दुसरी रीत धरलीत तर ‘ऑफ’, ‘अँड’, ‘इन’, ‘द’ असे बारके शब्द मध्ये आले की स्मॉल, पण मथळ्याचा पहिला आणि शेवटचा शब्द नेहमी कॅपिटल. ‘फिश अँड राइस’मध्ये अँड स्मॉल.

सगळं कॅपिटल फक्त होम स्टेच्या नावाला ठेवा. खालच्या चार ओळी तशा केल्यात तर सगळी अक्षरं एकाच उंचीची होतात आणि हायवेवरून जाणाऱ्या गाडीला नुसता पट्टा दिसतो. मेन्यूला मी तिसरी रीत सुचवतो, कारण त्यात आंबोळी, मालवणी, बॉम्बे डक असे सगळे शब्द आपापल्या जागी बसतात. पण कॅपिटल कमी दिसली की ‘काहीतरी राहिलंय’ असं गिऱ्हाइकाला वाटतं, हेही खरं.

कंपन्यांची नावं त्या लिहितात तशी. व्हॉट्सॲपमध्ये डब्ल्यू कॅपिटल आणि मधला ए पण कॅपिटल. यूट्यूबचा टी कॅपिटल. वाय-फायमध्ये डब्ल्यू आणि एफ.

पायरी ८: फॉर्म भरताना

‘ब्लॉक लेटर्समध्ये भरा’ म्हणजे सगळं कॅपिटलमध्ये, एका चौकोनात एक अक्षर, अक्षरं एकमेकांना न जोडता. इथे वरचे सगळे नियम बाजूला.

खरी गफलत ओ आणि शून्याची. बँकेच्या आयएफएससी कोडमध्ये ११ खुणा असतात: पहिली चार अक्षरं, पाचवं नेहमी शून्य. तो ओ नाही. पॅन १० खुणांचा: पाच अक्षरं, चार आकडे, शेवटी एक अक्षर. म्हणजे सहावी ते नववी जागा आकड्यांचीच, तिथे ओ येऊच शकत नाही. ही मांडणी पाठ असेल तर गोल काढताना हात अडखळत नाही.

ईमेलचा पत्ता फॉर्म कॅपिटलमध्ये मागत असला तरी शक्य तिथे स्मॉलमध्ये लिहा, वाचायला सोपा जातो. पासवर्डमध्ये मात्र कॅपिटल आणि स्मॉल ही दोन वेगळी अक्षरं. ‘पासवर्ड चुकतोय’ म्हणून येणाऱ्यांचा मी आधी कॅप्स लॉकचा दिवा बघतो.

कॉम्प्युटरच्या सोयी, आणि त्यांचा दगा

वर्डमध्ये मजकूर निवडून शिफ्ट धरून एफ३ दाबत गेलात की अक्षरं स्मॉल, पहिलं कॅपिटल, सगळी कॅपिटल अशी फिरतात. एक्सेलमध्ये ‘प्रॉपर’ नावाचं सूत्र प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल करतं. दोन्ही कामाच्या, पण दोन्हींना एसी आणि ‘ए’ने सुरू होणारं आडनाव यातला फरक कळत नाही. प्रॉपर तर वरच्या चिन्हानंतरचं अक्षरही कॅपिटल करतं. त्यामुळे डिसोझा आपोआप बरोबर येतात आणि ‘गेस्ट’च्या मालकीदर्शक रूपातला शेवटचा एस उगाच फुगतो.

एकदा घाईत मी दहा बाय चारच्या फ्लेक्सचा अख्खा मजकूर निवडून शिफ्ट-एफ३ दाबलं. ‘एसी’चा सी आणि ‘एटीएम’चे टी-एम स्मॉल झाले, आणि तसंच छापून गेलं. दुसरा फ्लेक्स माझ्या खिशातून. तेव्हापासून ही कळ दाबायचीच झाली तर ती तयारीच्या पायरीत, सगळं स्मॉल करण्यापुरती दाबतो. नंतर नाही.

शेवटची तपासणी

कागदावर प्रिंट काढा, पडद्यावर नको. शेवटच्या शब्दापासून उलटं वाचत या, म्हणजे अर्थात गुंतून डोळा पुढे पळत नाही. प्रत्येक कॅपिटलवर पेन्सिल टेकवा आणि विचारा: वाक्य सुरू होतंय? नाव आहे? आद्याक्षर आहे? मथळ्याच्या रीतीत बसतंय? चारही उत्तरं ‘नाही’ आली की तिरकी रेघ. मग सरळ वाचा आणि राहिलेल्या नावांखाली तीन रेघा.

त्या वहीच्या पानावर हे केल्यावर आठ कॅपिटल उरली: तीन वाक्यांची तीन, एसीची दोन, वारांची तीन. मालक प्रूफकडे बघून म्हणाले, “जरा बारीक वाटताहेत हो अक्षरं.” मी फाँट ७२ चा ९६ केला. प्रूफवर सही करण्याआधी त्यांना त्यावरचा फोन नंबरही लावून बघायला सांगितला. पलीकडे उचलला तो त्यांच्या मेव्हण्याने.